पीई वॅक्स: दोन्ही पोत्यांवर १०५ लिहिलंय, मग माल वेगळा का वागतो?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी कशाचं उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. वसईला रंगीत मास्टरबॅचचं (प्लास्टिकला रंग देण्यासाठी त्यात मिसळायच्या दाट रंगाच्या दाण्यांचं) युनिट, एक ट्विन स्क्रू (दोन स्क्रूंचं, माल वितळवून मिसळणारं मशीन), बराचसा माल पॉलिथिन फिल्मवाल्यांकडे जातो. रंग नीट पसरवायला लागणारं पीई वॅक्स (पॉलिथिनचं मेण) दोन ठिकाणांहून घेतलं आणि दोन्हींच्या कागदावर 'मेल्टिंग पॉइंट १०५' (अंश सेल्सिअस) आहे. पहिल्यावर निळा मास्टरबॅच स्वच्छ निघाला. दुसरं किलोमागे बरंच स्वस्त, पण त्यावर व्हेंटमधून (मशीनच्या वाफ जाण्याच्या भोकातून) धूर, हॉपरच्या (माल ओतायच्या नरसाळ्याच्या) गळ्यात गोळे, फिल्मवर निळे ठिपके, आणि वर ग्राहकाची तक्रार की छपाई नखाने निघते. असं का होतं, हेच वॅक्स शेजारच्या पीव्हीसी पाइपवाल्याला चालेल का, आणि ऑक्सिडाइज्ड वॅक्स व त्याचं इमल्शन (पाण्यात बारीक कणांनी मिसळलेलं रूप) स्वतः करता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

मेल्टिंग पॉइंटचा यात फारसा संबंध नाही. 'पीई वॅक्स' या एका नावाखाली बाजारात किमान चार वेगवेगळ्या रस्त्यांनी आलेला माल विकला जातो आणि तुमच्या दोन पोत्यांची जन्मकुंडली वेगळी आहे. ती कागदावर नसते, ती काढून घ्यावी लागते. नेमकं कोणतं वॅक्स किती टक्के, याचं उत्तर मात्र तुमचं पिगमेंट (रंगाची पावडर), कॅरिअरचा (रंग धरणाऱ्या प्लास्टिकचा) एमएफआय, म्हणजे वितळल्यावर तो किती सहज वाहतो, स्क्रूची लांबी आणि नीडिंग ब्लॉकची (स्क्रूवरच्या मळणाऱ्या भागांची) मांडणी यांवर अवलंबून आहे. खाली दिलेले आकडे सुरुवात करण्यासाठी धरा.

आधी जन्माचं. पॉलिथिन म्हणजे इथिलीनची लांब साखळी, आणि वॅक्स म्हणजे त्याच साखळीचा छोटा तुकडा. सरासरी रेणुभार २००० असेल तर साखळीत इथिलीनचे साधारण ७० दुवे. फिल्मचं पॉलिथिन याच्या कितीतरी पट लांब असतं. इतका छोटा तुकडा मिळवण्याचे दोनच मार्ग: पहिल्यापासून साखळी छोटीच वाढवायची, नाहीतर लांब साखळी तोडायची.

छोटी वाढवलेली वॅक्स सर्वांत स्वच्छ. झीग्लर पद्धतीच्या कॅटॅलिस्टवर (उत्प्रेरकावर) इथिलीन वाढवताना हायड्रोजन जास्त सोडला की साखळी लवकर थांबते. हायड्रोजन किती सोडला त्यावर लांबी ठरते. हे वॅक्स सरळ साखळीचं, कडक, १२० च्या वर वितळणारं. मेटॅलोसीन या दुसऱ्या जातीच्या कॅटॅलिस्टवर केलं तर सगळ्या साखळ्या जवळजवळ सारख्या लांबीच्या मिळतात आणि फार छोटे तुकडे उरत नाहीत, म्हणून धूर जवळपास नसतो. उच्च दाबाने, कॅटॅलिस्टशिवाय केलेलं वॅक्स फांद्यांचं असतं. ते थोडं मऊ, १०० ते ११० च्या आसपास वितळणारं. तुमचं पहिलं पोतं बहुधा या जातीचं.

तोडलेलं म्हणजे क्रॅक्ड वॅक्स. पॉलिथिन वितळवून नायट्रोजनखाली साधारण ३८० ते ४२० अंशांना ठेवलं की साखळ्या कुठेही तुटायला लागतात. एक लाख रेणुभाराच्या साखळीचे दोन-दोन हजारांचे तुकडे करायचे तर ४९ ठिकाणी तोडावं लागतं, आणि तुटण्याची जागा कुणी ठरवून देत नाही. त्यामुळे दोन हजारांच्या बरोबरीने दोनशे-तीनशेचे तुकडेही तयार होतात. ते म्हणजे जवळजवळ तेलच. चांगला कारखाना हे हलके तुकडे व्हॅक्यूमखाली ओढून काढतो. घाईत असलेला किंवा उतारा वाढवू पाहणारा ते मालातच ठेवतो, आणि तुमच्या व्हेंटमधून निघणारा धूर तोच. तुटलेल्या टोकांना दुहेरी बंध राहतात, म्हणून हा माल गरम राहिला तर लवकर पिवळा पडतो. कच्चा माल नवा दाणा असेल तर क्रॅक्ड वॅक्स उत्तम कामाचं असतं, हेही सांगतो. 'क्रॅक्ड' म्हणजे वाईट असं समजू नका. स्क्रॅपपासून केलेलं असेल तर गोष्ट वेगळी. छापील पिशव्यांची शाई, थोडं पॉलिप्रॉपिलीन, चुकून आलेलं पीव्हीसी, सगळं केटलमध्ये (क्रॅकिंगच्या भांड्यात) जातं. पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि केटलचं लोखंड खातं, तो गंज मालात उतरतो. राखाडी छटा आणि जळका वास तिथून येतो.

एक सुरक्षेची गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण काही लहान युनिटवाले क्रॅकिंग स्वतः करण्याचा विचार करतात. पॉलिथिन साधारण ३५० अंशांना ठिणगीशिवाय पेट घेतं. केटल चालते ४०० ला. म्हणजे गळणारी गॅस्केट, अर्धवट बंद झालेला व्हॉल्व्ह किंवा नायट्रोजन संपल्यावर उघडलेलं मॅनहोल, यांतलं काहीही आग लावायला पुरेसं आहे. हे काम शेडमध्ये बॅरलखाली बर्नर लावून करायचं नाही.

तिसरा रस्ता उपउत्पादनाचा. हेक्झेन या द्रावकात चालणाऱ्या एचडीपीई (जास्त घनतेच्या पॉलिथिनच्या) प्लांटमध्ये काही साखळ्या छोट्या राहतात आणि हेक्झेनमध्ये विरघळून जातात. हेक्झेन परत मिळवताना त्या खाली उरतात. प्लांटवाले याला 'लो पॉलिमर' म्हणतात. याचे गठ्ठे व्यापारी उचलतात, वितळवतात, फ्लेक्स किंवा पावडर करून पीई वॅक्स म्हणून विकतात. स्वस्त असतं आणि बऱ्याच कामांना चालतंही, पण त्यात अडकलेलं हेक्झेन नीट काढलं आहे का, हे पाहायलाच हवं. पोतं उघडल्यावर पेट्रोलसारखा वास आला तर ते गोदामात बंद करून ठेवू नका आणि गरम मिक्सरमध्ये तर अजिबात टाकू नका.

चौथं फिशर-ट्रॉप्श वॅक्स. हे इथिलीनपासून येत नाही. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनपासून साखळी जोडून करतात, उदाहरणार्थ दक्षिण आफ्रिकेत आणि मलेशियात. अगदी सरळ साखळी, कडक, पण वितळल्यावर पाण्यासारखं पातळ. पीव्हीसीत आणि हॉटमेल्टमध्ये (वितळवून लावायच्या गोंदात) याला मान आहे. मास्टरबॅचमध्ये मात्र त्याचा पातळपणा कधी कधी आड येतो, ते पुढे सांगतो.

आता १०५ चा घोटाळा. कागदावरचा 'मेल्टिंग पॉइंट' बहुधा ड्रॉप पॉइंट असतो. तो काढताना छोट्या कपात वॅक्स भरून तापवतात आणि पहिला थेंब पडतो तो अंश लिहितात. वॅक्समध्ये १५-२० टक्के पॅराफिन (मेणबत्तीचं मेण) मिसळलं, तर पॅराफिन ६० ला वितळतं खरं, पण पॉलिथिनच्या न वितळलेल्या स्फटिकांच्या जाळ्यात ते स्पंजातल्या पाण्यासारखं अडकून राहतं. थेंब पडतो तो जाळं मोडल्यावर. म्हणून आकडा काही अंशच खाली येतो. उलट, मूळ वॅक्स ११२ चं असेल आणि त्यात पॅराफिन घालून ते १०५ वर आणलं असेल, तर तो कागद खोटाही म्हणता येत नाही.

तुमच्या चारही तक्रारी याच एका कारणात, म्हणजे मालातल्या छोट्या साखळ्यांत (पॅराफिन असो वा क्रॅकिंगचे हलके तुकडे), बसतात. हॉपरच्या गळ्यात गोळे होतात कारण बॅरलची ऊब ६० च्या वर गळ्यापर्यंत चढते आणि पॅराफिन तिथेच चिकट होतं. धुराचं वर सांगितलं. ठिपक्यांकडे पुढे येतो. छपाईचं गणित मात्र इथेच करून दाखवतो, कारण 'एवढ्याशा वॅक्सने काय होणार' असं सगळ्यांनाच वाटतं. मास्टरबॅचमध्ये १० टक्के वॅक्स, फिल्ममध्ये २ टक्के मास्टरबॅच, म्हणजे फिल्ममध्ये ०.२ टक्के वॅक्स. त्यातलं ३० टक्के पॅराफिन धरलं तर ०.०६ टक्के. फिल्म ४० मायक्रॉनची असेल आणि ते सगळं पृष्ठभागावर आलं, तर दोन्ही बाजू मिळून थर होतो २४ नॅनोमीटरचा, एका बाजूला १२. कोरोना ट्रीटमेंटचा (शाई धरावी म्हणून फिल्मच्या पृष्ठभागावर केलेल्या विजेच्या माऱ्याचा) परिणामही पृष्ठभागापासून साधारण तेवढ्याच खोलीत असतो. म्हणजे शाईला ट्रीट केलेली फिल्म लागतच नाही, पॅराफिनचा पापुद्रा लागतो. ट्रीटिंगनंतर लगेच डाइन पेन (पृष्ठभाग शाई किती धरेल ते आकड्यात दाखवणारं पेन) लावलं तर ३८ दिसेल. तोच रोल दोन दिवसांनी तपासा, घसरलेला दिसेल. छोट्या साखळ्या वर यायला तेवढा वेळ घेतात.

तपासणीचं आता सविस्तर, कारण पैसे इथेच वाचतात. डीएससी (नमुना तापवत नेऊन कोणत्या अंशाला काय वितळतं ते टिपणारी चाचणी) केलंत तर एका आलेखात सगळं दिसतं: १०० ते १२५ मधला डोंगर पॉलिथिनचा, ५५ ते ६५ ला टेकडी दिसली तर पॅराफिन, १५० ते १६५ ला काही दिसलं तर स्क्रॅपमधलं पॉलिप्रॉपिलीन. बाहेरच्या लॅबमध्ये हे करून मिळतं आणि नव्या पुरवठादाराच्या पहिल्या लॉटला ते करावंच. पण रोजच्या लॉटला डीएससी परवडत नाही. तेव्हा बीकरात ८० अंशांचं पाणी घ्या, त्यात दोन चमचे वॅक्स पावडर टाका, दहा मिनिटं हलकेच ढवळा. चांगल्या वॅक्सचे कण तरंगतात आणि सुटे राहतात. पॅराफिन असेल तर कण एकमेकांना धरतात, काडीला चिकटतात, गोळा होतो. दुसरी परीक्षा वजनाची: १० ग्रॅम वॅक्स पसरट ॲल्युमिनियमच्या वाटीत घालून १५० अंशांच्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवा आणि थंड करून वजन करा. दोन्ही पुरवठादारांचं वॅक्स शेजारी-शेजारी ठेवा. घट अर्ध्या टक्क्याच्या वर गेली तर फिल्मच्या मास्टरबॅचला मी ते घेत नाही. ओव्हन हवेशीर हवा, आणि पेट्रोलसारखा वास असलेलं पोतं या परीक्षेला लावू नका.

पांढरी पावडर जरा जड वाटली तर चॉक मिसळलेला असू शकतो. क्रुसिबलमध्ये ६०० अंशांना जाळून राख तोला. पीई वॅक्सची राख नगण्य असते. राख उरली आणि सौम्य आम्लाने फसफसली की कॅल्शियम कार्बोनेट.

व्हिस्कोसिटीचा (वितळलेलं वॅक्स किती घट्ट आहे त्याचा, सेंटिपॉइजमध्ये) आकडा मागाल तेव्हा तापमान विचारल्याशिवाय तो लिहून घेऊ नका. १४० अंशांचे ३०० सेंटिपॉइज आणि १२० अंशांचे ३०० सेंटिपॉइज हे दोन वेगळे पदार्थ. तो मोजायला थर्मोसेल (नमुना गरम ठेवणारा भाग) लावलेला ब्रूकफील्ड व्हिस्कोमीटर लागतो. नसेल तर लॅबमधून करून घ्या. मेल्टिंग पॉइंटपेक्षा हा आकडा तुमच्या जास्त कामाचा.

का, ते सांगायला आता ठिपक्यांकडे येऊ. पिगमेंट पसरणं म्हणजे तीन कामं: कणांच्या गुठळीतली हवा हटवून आत शिरणं, गुठळी फोडणं, आणि फोडलेले कण पुन्हा चिकटू न देणं. वॅक्स पहिलं आणि तिसरं काम करतं. दुसरं काम स्क्रूचं आहे, आणि स्क्रू गुठळी तेव्हाच फोडू शकतो जेव्हा भोवतीचा माल घट्ट असतो आणि गुठळीला ओढ बसते. वॅक्स फार पातळ असेल, १४० ला १०-२० सेंटिपॉइजवालं, किंवा पॅराफिनने पातळ झालेलं असेल, तर ते सगळ्यात आधी वितळून बॅरलला तेल लावल्यासारखं होतं. माल घसरतो, मोटरचे ॲम्पिअर खाली येतात, मशीन सुरळीत चालल्याचा भास होतो आणि गुठळ्या न फुटता तशाच बाहेर पडतात. म्हणून ॲम्पिअर उतरले की आनंद मानू नका. थॅलो ब्लूसारख्या चिवट निळ्या पिगमेंटला १४० ला १५० ते ४०० सेंटिपॉइजच्या मधलं वॅक्स मला बरं वाटतं. आत शिरण्याइतकं पातळ, ओढ टिकवण्याइतकं घट्ट.

३० टक्के थॅलो ब्लूला ८ ते १२ टक्के वॅक्स धरून सुरुवात करा. ४० टक्के कार्बन ब्लॅकला ३ ते ५, ६०-७० टक्के टिटॅनियम डायऑक्साइडला (पांढऱ्या पिगमेंटला) २ ते ४. ठिपके दिसले की बहुतेक जण वॅक्स वाढवतात. आधी क्रम तपासा. हाय-स्पीड मिक्सरमध्ये पिगमेंट आणि बारीक वॅक्स पावडर आधी तीन-चार मिनिटं फिरवा, मग पावडर कॅरिअर घाला. वॅक्स जाड फ्लेक्सचं असेल तर ते पिगमेंटच्या शेजारी पडून राहतं, त्याला लपेटत नाही. वॅक्स घालायच्या आधी पिगमेंट एकटं जोरात फिरवलं तर उलट दाबून गुठळ्या पक्क्या होतात. स्क्रूवर फीड झोनला (माल आत जातो तिथे) थंड पाणी चालू ठेवा आणि नीडिंगच्या झोनचं तापमान कॅरिअर चालू शकेल तितकं खाली ठेवा. एलएलडीपीई-एलडीपीईला (फिल्मच्या कमी घनतेच्या पॉलिथिनना) १५०-१६० पासून बघा. तापमान वाढवून ठिपके घालवण्याचा प्रयत्न उलटा पडतो, कारण माल आणखी पातळ होतो. निकाल डोळ्यांनी न ठरवता फिल्टर प्रेशरने ठरवा: ठरावीक वजनाचा मास्टरबॅच बारीक जाळीतून काढायचा आणि दाब किती चढला ते पाहायचं. ही सोय नसेल तर प्रत्येक लॉटची सारख्या जाडीची पातळ फिल्म काढा आणि ठरावीक चौकोनातले ठिपके मोजून वहीत लिहा.

दुधाच्या पिशवीसारखा, अन्नाला लागणारा माल तुमच्या ग्राहकाकडे जात असेल तर स्क्रॅपचं वॅक्स त्या लाइनवर चढवूच नका. अन्नाला लागणाऱ्या प्लास्टिकच्या भारतीय मानकांपैकी आयएस ९८३३ रंगद्रव्यांबद्दल बोलतं, आयएस १०१४६ पॉलिथिनबद्दल. वॅक्स कुठून आलं हे तुम्हालाच ठाऊक नसेल तर ग्राहकाला कसला कागद देणार?

शेजारच्या पाइपवाल्याचं. पीव्हीसीत वॅक्सचं काम अगदी वेगळं आहे. साधं पीई वॅक्स पीव्हीसीत विरघळत नाही, कणांच्या बाहेर आणि धातूवर राहतं, म्हणून ते बाह्य वंगण. ते पीव्हीसीच्या कणांना एकमेकांत मिसळायला उशीर करतं. थोडं असलं तर डाय आणि स्क्रूला माल चिकटत नाही, जळत नाही. जास्त झालं तर कण एकजीव व्हायच्या आधीच पाइप बाहेर पडतो. असा पाइप दिसायला गुळगुळीत, चकचकीत असतो आणि फटक्याला काचेसारखा फुटतो. ओळखायचं कसं? पाइपचं टोक तासून उतार द्या आणि १५ अंशांच्या डायक्लोरोमिथेनमध्ये अर्धा तास बुडवा. एकजीव झालेला पाइप टिकतो. नसेल तर उतारावर पांढरे, फुगलेले, सुटणारे चट्टे दिसतात. हे काम हूडखाली, डायक्लोरोमिथेनला टिकतील असे हातमोजे घालून.

त्यांना तुमचं वॅक्स देण्यापूर्वी एकच विचारा: स्टॅबिलायझर (पीव्हीसी गरम होताना खराब होऊ न देणारं रसायन) कोणता वापरता? पाइपमधलं शिसं काढण्याचे केंद्राचे नियम २०२१ मध्ये आले, तेव्हापासून कॅल्शियम-झिंकचे वन-पॅक वाढले आहेत. वन-पॅकमध्ये स्टॅबिलायझरबरोबर आतलं आणि बाहेरचं वंगण मोजून घातलेलं असतं. त्यावर अर्धा किलो वॅक्स मशीनचा 'लोड कमी करायला' टाकलं की बनवणाऱ्याचा तोल बिघडतो. वन-पॅक नसेल, सगळं सुटं घेऊन स्वतः तोलत असतील, तर १०० किलो पीव्हीसी रेझिनला बाहेरचं वंगण एकूण एक किलोच्या आसपास असतं आणि त्यात ऑक्सिडाइज्ड वॅक्स फक्त १०० ते २०० ग्रॅम. एवढ्याशाने धातूपासून माल सुटतो, कारण ऑक्सिडाइज्ड वॅक्सची आम्लं असलेली टोकं धातूला धरतात आणि उरलेली मेणचट साखळी पीव्हीसीला दूर ठेवते. बदल करताना एका वेळी १०० किलोला ५० ग्रॅमच्या वर हलवू नये. हॉट मिक्सरमध्ये स्टॅबिलायझर आधी, ६० च्या आसपास. वॅक्स नंतर, ८५-९० ला. माल काढायचा ११०-१२० ला. वॅक्स पहिल्यांदा टाकलं तर ते रेझिनच्या कणांवर बसतं आणि स्टॅबिलायझरला जागाच उरत नाही. पॅराफिनमिश्रित वॅक्सने पाइप चालतोही, कारण पाइपच्या सूत्रात पॅराफिन असतंच. पण ते किती आहे हे माहीत नसेल तर दर लॉटला तोल बदलणार. म्हणून तुमचं दुसरं पोतं त्यांना देऊ नका.

ऑक्सिडाइज्ड वॅक्स म्हणजे वितळलेल्या पीई वॅक्समधून १४० ते १६० अंशांना तासन् तास हवा सोडून केलेलं वॅक्स. ऑक्सिजन साखळीवर बसतो, काही साखळ्या तुटतात, टोकांना कार्बोक्सिलिक आम्लं येतात. सोबत कीटोन आणि एस्टरही तयार होतात. ॲसिड व्हॅल्यू (एक ग्रॅम वॅक्समधली आम्लं मारायला लागणारं पोटॅश, मिलिग्रॅममध्ये) शून्यावरून १५-२० वर जाते, व्हिस्कोसिटी उतरते. लागणारं भांडं स्टेनलेसचं, कारण सुटणारी फॉर्मिक, ॲसिटिक आम्लं साधं लोखंड खातात आणि लोह मिसळलं की माल तपकिरी होतो. क्रिया स्वतः उष्णता सोडते, म्हणून कॉइलमध्ये थंड करण्याची सोय हवीच. १८० च्या वर गेलं तर रंग जातो आणि साखळ्या एकमेकींना जोडल्या जाऊन जेलीसारख्या गाठी होतात. एचडीपीई मात्र वितळलं की इतकं घट्ट असतं की त्यातून हवा नीट जात नाही, म्हणून त्याची पावडर न वितळवता, घन अवस्थेतच ऑक्सिडाइज करतात. दोन्हींतला फरक आकड्यांत बघा: ए-सी ६२९ या ग्रेडची ॲसिड व्हॅल्यू १५ आणि व्हिस्कोसिटी १४० ला २००, त्याच मालिकेतल्या ए-सी ३१६ ची ॲसिड व्हॅल्यू १६, पण व्हिस्कोसिटी १५० ला साडेआठ हजार. पहिलं इमल्शनचं, दुसरं पीव्हीसी आणि कडक पॉलिशचं.

स्वतः करावं का? तुमच्या जागेत, माझं उत्तर नाही. वॅक्सची वाफ आणि हवा एकाच भांड्याच्या डोक्यावर जमतात, तिथला ऑक्सिजन नायट्रोजनने खाली ठेवून सतत मोजावा लागतो आणि बाहेर पडणारी आम्लाची वाफ स्क्रबरमधून न्यावी लागते. एवढं उभारायचं तर तो वेगळा कारखाना झाला. तीच गोष्ट मॅलेइक ॲनहायड्राइड जोडलेल्या वॅक्सची. ते लाकडाचा भुसा किंवा फिलर पॉलिथिनला धरून ठेवायला उपयोगी, पेरॉक्साइडच्या मदतीने होतं, पण न जोडलेलं मॅलेइक डोळे-घसा जाळतं आणि व्हॅक्यूमने काढावं लागतं. विकत घ्या.

विकत घेताना एक फसवणूक ओळखून ठेवा. स्टिॲरिक आम्लाची ॲसिड व्हॅल्यू २०० च्या जवळ असते. साध्या वॅक्समध्ये ते ८ टक्के मिसळलं की मिश्रणाची १६ होते आणि कागदावर 'ऑक्सिडाइज्ड, ॲसिड व्हॅल्यू १६' लिहिता येतं. टायट्रेशनमध्ये (पोटॅश थेंबथेंब घालून ॲसिड व्हॅल्यू मोजताना) हे सापडत नाही. पकडायचं असं: बारीक केलेलं वॅक्स गरम अल्कोहोलने वॉटर बाथवर, ज्वाला दूर ठेवून, दोनदा धुवा, वाळवा आणि ॲसिड व्हॅल्यू पुन्हा काढा. स्टिॲरिक अल्कोहोलबरोबर जातं, खरी ऑक्सिडाइज्ड साखळी जात नाही. धुतल्यावर १६ ची २ झाली तर समजा. दुसरी खूण सॅपोनिफिकेशन व्हॅल्यूची (आम्लं आणि एस्टर दोन्ही मिळून किती पोटॅश खातात त्या आकड्याची): खऱ्या मालात एस्टर असतात म्हणून ती ॲसिड व्हॅल्यूपेक्षा ठळकपणे जास्त येते; मिश्रणात दोन्ही आकडे जवळजवळ सारखे. टायट्रेशन गरम झायलीनमध्ये करा आणि शेवटपर्यंत गरम ठेवा. मध्येच वॅक्स थिजलं तर आकडा कमी येतो.

इमल्शन मात्र तुम्ही करू शकता, आणि इचलकरंजी-सोलापूरकडच्या प्रोसेस हाउसना (कापडावर शेवटची प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांना) ते लागतं. त्याने शिवताना सुई कापड कापत नाही आणि रेझिन फिनिशनंतर उतरलेली फाटण्याची ताकद थोडी परत मिळते. १०० किलोच्या बॅचला असं धरा: ॲसिड व्हॅल्यू १६ आणि ड्रॉप पॉइंट १०० च्या आसपासचं ऑक्सिडाइज्ड वॅक्स २५ किलो, ७ ते ९ मोलचं फॅटी अल्कोहोल इथॉक्सिलेट (हा इमल्सिफायर, म्हणजे वॅक्स पाण्यात मिसळून ठेवणारा) साडेसहा किलो, ८५ टक्के कॉस्टिक पोटॅश ७०० ग्रॅम, सोडियम मेटाबायसल्फाइट २०० ग्रॅम, बाकी डीएम (क्षार काढलेलं) पाणी. पोटॅशचा हिशेब सोपा आहे. २५ किलो गुणिले १६ म्हणजे ४०० ग्रॅम शुद्ध पोटॅश आम्लांपुरतं. ८५ टक्क्यांचं ४७० ग्रॅम. एस्टरही थोडं खातात म्हणून दीडपट. ॲसिड व्हॅल्यू वेगळी असेल तर हा आकडा बदला, सूत्र डोळे मिटून उतरवू नका.

वॅक्स आणि इमल्सिफायर ११५-१२० ला वितळवा. पोटॅश थोड्या पाण्यात विरघळवून अगदी बारीक धारेने सोडा. पाण्याची लगेच वाफ होऊन फेस चढतो, म्हणून भांडं निम्म्याहून जास्त भरू नका आणि चष्मा, हातमोजे घाला. फेस बसेपर्यंत वीस-तीस मिनिटं ढवळा, मग मेटाबायसल्फाइट. दुसऱ्या भांड्यात पाणी ९५-९८ ला, ढवळणीचा भोवरा खोल. त्या भोवऱ्याच्या उतारावर वितळलेलं मिश्रण सुतासारख्या धारेने ओता. सगळं गेलं की झाकण लावून भराभर ४० पर्यंत थंड करा, नाहीतर वर साय धरते. चांगलं इमल्शन उजेडासमोर धरलं की निळसर झाक मारतं आणि काचेवर ओघळ पारदर्शक दिसतो. दुधासारखं पांढरंफटक आलं तर कण जाड आहेत: पाणी थंड होतं किंवा पोटॅश कमी पडलं. दह्यासारखं घट्ट झालं तर पोटॅश जास्त. जास्त वितळणाऱ्या वॅक्सला हे उघड्या भांड्यात जमत नाही. त्याला १४०-१५० अंशांचं दाबाचं भांडं लागतं, आणि १५० ला पाण्याची वाफच जवळजवळ पावणेचार बारचा गेज दाब देते. भांडं त्यासाठीच बांधलेलं आणि तपासलेलं हवं.

बोअरचं पाणी वापरू नका. कॅल्शियम, मॅग्नेशियम वॅक्सच्या साबणाला धरून त्याचा फुटका गोळा करतात. बॅच करताना नाही फुटली तर ग्राहकाच्या टाकीत फुटते. त्याच कारणाने प्रोसेस हाउसमध्ये रेझिनबरोबर मॅग्नेशियम क्लोराइड किंवा कॅटआयॉनिक सॉफ्टनर चालू असेल तर आधी त्यांच्याच बाथचं अर्धा लिटर द्रावण बीकरात मागवा, त्यात लिटरला २० ग्रॅम या प्रमाणात इमल्शन घाला, ५० अंशांना तासभर ठेवा आणि काळ्या कापडातून गाळा. काळ्यावर पांढरे कण दिसले की ते सूत्र त्या बाथला चालणार नाही. इमल्सिफायर वाढवून पुन्हा करा.

राहिली तुमची दुसऱ्या पुरवठादाराची उरलेली पोती. ती फिल्मच्या मालाला नकोत. बादल्या, टब, कुंड्या अशा छपाई नसलेल्या, अन्नाशी संबंध नसलेल्या मोल्डिंगच्या काळ्या किंवा गडद मास्टरबॅचमध्ये, चांगल्या वॅक्सच्या एक चतुर्थांशापर्यंत मिसळून, गळ्याचं पाणी चालू ठेवून संपवता येतील. त्याआधी वर सांगितलेली ८० अंशांच्या पाण्याची आणि ओव्हनची परीक्षा दोन्ही पुरवठादारांच्या वॅक्सवर एकदा करा आणि आकडे मला कळवा. घट दोन टक्क्यांच्या वर असेल तर मोल्डिंगलाही वापरू नका, परत करा.